चारात एक

मिंगेलने तिसऱ्यांदा फोन कट केला, तेव्हा मी त्याच्या बहिणीला फोन लावला.

बहीण म्हणजे रोझीबाई, जामसंड्याच्या शाळेत शिक्षिका आणि माझी पेशंट. मी कुडाळला पोटविकारांची डॉक्टर आहे. बाईंच्या मोठ्या आतड्यात डझनावारी पॉलिप सापडले होते. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणारे छोटे कोंब. त्यातल्या एकाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन वेळेवर झालं. पण वय पंचेचाळीस आणि पॉलिप इतके, म्हणून मी जेनेटिक टेस्ट केली. दोष एमयूटीवायएच नावाच्या जीनमध्ये निघाला.

पेशीची दुसरी पेशी होताना डीएनएची नक्कल निघते. नक्कल करताना कधी अक्षर चुकतं. हा जीन एक एन्झाइम बनवतो आणि ते एन्झाइम चुकीचं अक्षर उचकटून काढतं. मग तिथे बरोबर अक्षर बसवता येतं. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक चांगली असली तरी भागतं. बाईंच्या दोन्ही बिघडलेल्या होत्या. आईवडिलांकडे एकेकच बिघडलेली, म्हणून ते ठणठणीत.

अशा वेळी भावंडं तपासावी लागतात. गोव्यातल्या दोन बहिणींनी लगेच रक्त दिलं. देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवणारा धाकटा मिंगेल मात्र येईना. पहिल्या फोनवर मी त्याला सगळं समजावलं होतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक आहे, हेही सांगितलं होतं. तो "होय, होय" म्हणाला होता.

माझा फोन झाल्यावर बाई रविवारी देवबागला गेल्या आणि सोमवारी त्याला घेऊनच माझ्याकडे आल्या. का टाळत होतात, असं मी विचारलं.

"टाळूक नाय, डॉक्टर," तो म्हणाला. "तुमीच सांगितलात ना, चारात एक. आमी चार भावंडा. एक बाय झाली. आमी तिगा सुटलंव."

हिशोब सरळ होता. चूक माझ्या सांगण्यात होती. मी चार चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली मारली आणि चारही एका रिकाम्या डब्यात टाकल्या. फुलीची चिठ्ठी काढून दाखवली. ही बाईंची, म्हटलं. मग ती परत डब्यात टाकली आणि डबा त्याच्यापुढे धरला. प्रत्येकासाठी चारही चिठ्ठ्या पुन्हा आत असतात, एवढंच सांगितलं.

त्याने डब्यात हात घातला नाही. डबा बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाला, "रगत पडता. वर्स झाला."

मूळव्याध समजून तो कुणाचं तरी झाडपाल्याचं औषध घेत होता.

बाईंचा चेहरा उतरला. "हॉस्पिटलात माज्या उशाशी बसललंस, तेवा पण माका सांगूक नाय?"

"तुका आदीच येवढा झालला. तेच्यात माजा खंय सांगू?"

रक्त जात होतं, तेव्हा टेस्टच्या रिपोर्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. आतडं साफ करायचं औषध त्याला त्याच संध्याकाळी प्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी कोलोनोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघितलं. पॉलिप निघालेच. दोन खेपांत सगळे काढले. बायोप्सी आली, कॅन्सर एकातही नव्हता. तो रिपोर्ट ऐकून बाई रडल्या. मिंगेलने मला फक्त विचारलं की होडीवर कधीपासून जाऊ.

पुढे जीनचा रिपोर्ट आला. त्याच्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या. गोव्यातल्या एका बहिणीची एकच, दुसरीची एकही नाही. आता मिंगेल दरवर्षी तपासणीला येतो. नवे पॉलिप येतात, पण ते लहान असतानाच मी काढून टाकते.

पेशंटने मान हलवली की त्याला समजलं, असं मी इतकी वर्षं धरत होते. आता सांगून झालं की त्यालाच मला परत समजवायला लावते. दहा मिनिटं जास्त जातात आणि बाहेरची रांग कुरकुरते.