खुंट्या घरी राहिल्या

मुलांना घेऊन एक रात्र तंबूत राहायचं, असं आम्ही दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा रात्री नऊच्या आत वाघोलीला घरी परत आलो. एकदा दुधाच्या डब्यात मुंग्या शिरल्या म्हणून, एकदा आभाळ भरून आलं म्हणून. ते आभाळ नंतर बरसलंही नाही. दोन्ही वेळा 'चला, निघू या' म्हणणारी मीच होते. नवऱ्यावर ढकलायची सोय नव्हती.

तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी खेळता खेळता चार वर्षांच्या भावाला म्हणाली, "आई नक्की म्हणाली म्हणजे बहुतेक नाही." आवाजात तक्रार नव्हती. रविवारी शाळा नसते हे सांगावं, तसं तिने ते सांगितलं. मी आत भाजी चिरत होते. मला ते चांगलंच झोंबलं. या वेळी काय वाट्टेल ते होवो, सकाळ तंबूतच उजाडली पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. ऐन शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं आणि त्याची सुट्टी गेली. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात जाऊ." मी म्हटलं, "तू जा पुढच्या आठवड्यात. आम्ही आज चाललोय."

तयारी मी कसून केली होती. आठवडाभर रोज संध्याकाळी हॉलमधला सोफा सरकवून तंबू उभा करायचा, मोडायचा, पुन्हा उभा करायचा. शेवटी सात मिनिटांत जमू लागलं. खुंट्या तेवढ्या कधी लागल्या नाहीत, फरशीत खुंटी ठोकणार कुठे? त्यांची पिशवी सारखी पायात येते म्हणून मी ती टीव्हीखालच्या कपाटात ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

हे माझ्या लक्षात आलं ते पानशेतजवळ. एका शेतकऱ्याने भातकापणीनंतर आपलं खाचर तंबूंसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती, तिथे. शहर ओलांडण्यातच दोन तास गेले होते आणि धाकट्याला वाटेत उलटी झाली होती. तंबू मात्र सात मिनिटांत उभा राहिला. मी कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघतेय तोवर वारा आला आणि तंबू घरंगळत बांधापर्यंत गेला. धाकट्याला वाटलं हा खेळच आहे, तो टाळ्या पिटत मागे धावला. मुलीने फक्त माझ्याकडे पाहिलं.

शेतमालक काका तंबू धरून घेऊन आले. "ताई, खुंट्या कुठं हायत?"

"घरी."

त्यांनी तंबू खाली टेकवला. मग म्हणाले, "वर आमच्या घरात एक खोली मोकळी हाय. पोरांना घेऊन तिथं झोपा. तंबूत काय, फोटो काढून घ्या."

खोली नक्कीच चांगली असणार, आणि काका भले होते. मी नको म्हटलं आणि स्वयंपाकाची पिशवी उपडी केली. बाहेरचं खायचं नाही या हट्टापायी निम्मं स्वयंपाकघर मी बरोबर आणलं होतं. उलथनं, झारा, पळी आणि सांडशी, चार कोपऱ्यांना चार. त्यांचे दांडे तिरके धरून मी दगडाने जमिनीत ठोकले. सांडशी दोनदा उपटून आली. काकांनी दगड घ्यायला हात पुढे केला तर मी म्हटलं, "राहू द्या, मलाच करायचंय." पळी वाकली, माझं बोट ठेचलं, पण तंबू जागचा हलेना.

"आता आमटी कशानं वाढणार?" काकांनी विचारलं आणि ते हसत घराकडे गेले.

सूर्य डोंगराआड गेला आणि वारा गार झाला. धाकट्याने आधी 'बाबा पाहिजे' सुरू केलं, मग 'घरी जायचं', मग नुसतंच रडणं. बोट ठणकत होतं, कापड फडफडत होतं, आणि माझा धीर सुटत चाललाय हे मला कळत होतं. सामान उतरवताना गाडीची चावी मी मुलीकडे दिली होती. मी म्हटलं, "चावी दे गं. जरा वेळ गाडीत बसू, वारा लागणार नाही."

"नाही," ती म्हणाली. "गाडीत बसलं की आपण घरी जातो."

मी तेच करणार होते. आधी मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तिने जॅकेटच्या खिशाची चेन ओढून घेतली, भावाचा हात धरला आणि त्याला तंबूत नेलं. "तू मध्ये झोप," ती त्याला सांगत होती. "मी या बाजूला. दाराशी आई."

"आई कुठंय?" त्याने हुंदके देत विचारलं.

"येतेय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन दाराशी आडवी झाले.