कमानीखालची भाकरी

महिना होत आला. सकाळी दाढी करत होतो, तोंडाला फेस, आणि दारात बसवराज उभा. सिद्रामप्पांचा थोरला. हातात तो चेपलेला पत्र्याचा डबा. मी नेहमीसारखा खेकसलो, "आज तुला पाठवलं? त्यांना स्वतः यायला काय झालं?" तो म्हणाला, "अप्पा गेले की, सायेब. परवा. झोपेतच..." मग डबा पुढं केला. "चटणी त्यांनीच कुटून घेतली हुती. सायबाला दे म्हणले हुते." अर्ध्या दाढीनिशी मी खुर्चीत बसलो आणि ढसाढसा रडलो. सत्तरी उलटलेल्या माणसानं असं रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

सोलापूरबाहेरच्या राखीव कुरणात हल्ली लोक माळढोक बघायला जातात. पक्षी दिसला नाही की तिथल्या काळ्या दगडाच्या जुन्या बंगल्यापुढं, कमानीखाली उभं राहून फोटो काढतात. ती कमान सिद्रामप्पा गवंड्यांची. अक्कलकोटकडचा माणूस, निम्मं बोलणं कानडीत, आणि दगडाला नुसता हात लावून तो कुठं फुटेल ते सांगणारा. बंगला बांधला त्याला पन्नास वर्षं झाली, एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस साल असेल. मी तेवीस वर्षांचा, बांधकामावर देखरेख करणारा ओव्हरसियर, नोकरी अजून कायम व्हायची होती. हातात टेप, डोक्यात हवा. बापाच्या नाही तरी थोरल्या भावाच्या वयाच्या त्या माणसाला मी 'ए सिद्राम' म्हणून हाक मारायचो. आज लाज वाटते.

नाताळात गोरे साहेब शिकारीला येऊन त्या बंगल्यात उतरणार होते. कमान पुरी झाली होती, पण खालचा लाकडी साचा तसाच होता. साचा म्हणजे चुना वाळेपर्यंत दगडांना पेलून धरणारा आधार. मी म्हटलं, "उद्या साचा काढायचा. साहेबाला काय लाकडं दाखवू?"

"चुना कच्चा हाय, सायेब. अजून तीन आठवडं ऱ्हाऊ द्या."

"मला अक्कल शिकवू नकोस."

ते रागावले नाहीत. गमजानं हात पुसत म्हणाले, "काढू की. पर आमच्यात एक रीत हाय. साचा काढताना कमान बांधणाऱ्यानं खाली बसून भाकरी खायाची. ह्यो साचा मी काढत न्हाय, तुमी काढताय. तवा बसायचं तुमी."

गड्यांपुढं असं म्हटल्यावर माघार कशी घेणार? "बसतो! भितो की काय?" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन बसलो, मांडी घालून. माझी नजर सारखी माथ्यावरच्या मधल्या दगडाकडं. सिद्रामप्पांनी गड्यांना साच्याखाली ठोकलेल्या पाचरी ढिल्या करायला सांगितल्या, बायकोकडून फडकं घेतलं आणि आले ते थेट माझ्याशेजारी बसले. ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगाची चटणी. एक भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"तू कशाला बसतोस?" मी म्हटलं. पहिल्यांदाच आवाज खाली आला होता.

"कमान माझी हाय की."

पाचरी निघाल्या. वर खर्रकन् आवाज झाला, चुन्याचा भुगा चटणीत पडला, आणि त्या माणसानं काय करावं? स्वतःचं डोकं सोडून माझ्या डोक्यावर पंजा धरला... कमान बोटभर खचली आणि थांबली. मधल्या दगडाशेजारी भेग पडली. सिद्रामप्पा म्हणाले, "खावा सायेब. अर्धी टाकून उठायचं न्हाय." चुन्याच्या भुग्यासकट ती भाकरी मी संपवली. मग त्यांनीच घाईनं साचा परत चढवला. साहेब आले ते लाकडं बघूनच गेले.

पुढं वरून विचारणा आली, नव्या कमानीला भेग कशी? मी टाक उचलला आणि लिहिलं, गवंड्याच्या हयगयीमुळे. हो, मीच. त्याच हातानं, ज्या हातावर त्यांनी भाकरी ठेवली होती. माझी नोकरी कायम झाली. त्यांना दोन वर्षं सरकारी कामावर कुणी उभं केलं नाही. होटगीला गाडी बदलताना एकदा दिसले, रुळांसाठी खडी फोडत होते. कमानी बांधणारा माणूस, खडी! मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, "सायेब, जेवलासा काय?" आणि डबा उघडला. त्या दिवसापासून मी त्यांना अप्पा म्हणू लागलो. पुढच्या कामावर खटपट करून घेतलंही. पण खरं काय ते मात्र तोंडातून निघालं नाही.

दर संक्रांतीला अप्पा चटणी घेऊन यायचे. आम्ही दोघं कमानीपाशी जायचो. ते भेगेत बोट घालायचे आणि म्हणायचे, "वाढली न्हाय." दर वर्षी मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि दर वर्षी मूग गिळून परत यायचो.

आता वनखातं बंगल्याचा इतिहास लिहून काढतंय. जुन्या दप्तरात माझा तो कागद त्यांना सापडला, खात्री करून घ्यायला मला पत्र आलं. मी उत्तर धाडलं, भेग ओव्हरसियरच्या घाईमुळं पडली, गवंड्यानं तीन आठवडे मागितले होते. पण अप्पांना आता त्याचा काय उपयोग? म्हणून परवा बसवराजला घेऊन गेलो, कमानीखाली बसलो, डबा उघडला आणि त्याला सगळं सांगितलं. पोरगा चिडेल, उठून जाईल, असं वाटलं होतं. पोरगा कसला, तोही साठीला टेकलाय.

तो भाकरी मोडत म्हणाला, "अप्पाला तवाच ठावं हुतं, सायेब. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं हुतं."

"मग... घरी यायचे ते?"

"मी बी इचारलं हुतं की. तर म्हणले, 'लिवलं खरं त्यानं. पर साचा काढताना खाली बसला हुता की.'"

हातातली अर्धी भाकरी मी खाली ठेवली. बसवराजनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अर्धी टाकून उठायचं नव्हतं, म्हणून भाकरी संपवली. मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिलो आणि भेगेत बोट घातलं.

वाढलेली नाही.