ज्या घरी जायचं मी सोडलं

ग्वाल्हेरला माझी नेमणूक झाली तेव्हा संस्थान नुकतंच विलीन होऊन मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, पण लोक अजून ‘दरबारात अर्ज दिलाय’ असंच म्हणत. मी नगर जिल्ह्यातला. आजोबा महारवाड्यातले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून वडिलांना मिशनच्या बोर्डिंगात जागा मिळाली, मला कॉलेज पाहायला मिळालं आणि पुढे मी पाळक झालो. माझी पत्नी नगरला मुलींच्या शाळेत शिकवायची. ग्वाल्हेरचे दोन उन्हाळे तिने माझ्यासोबत काढले. दुसऱ्यात उन्हाची लू लागून ती दहा दिवस अंथरुणावर होती. मग आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं की तिने मुलांना घेऊन नगरला राहावं. तिचं पत्र दर आठवड्याला यायचं. मी ते जेवताना वाचायचो. समोर कोणी बोलतंय असं वाटायचं.

आमचं चर्च हजिऱ्याच्या बाजूला, गिरणी कामगारांच्या वस्तीला लागून होतं. मंडळी म्हणजे तीसेक घरं. बहुतेक नगरपालिकेचे सफाई कामगार. उपासना हिंदीत. मी ‘मेरा आत्मा’ म्हटलं की चटईवर बसलेल्या बायका पदराआड हसत. हिंदीत आत्मा स्त्रीलिंगी आहे, हे माझ्या जिभेला वर्षभर पटलं नाही.

मराठी कानावर पडावी म्हणून मी अधूनमधून लश्करच्या, म्हणजे जुन्या मराठी वस्तीच्या, भाजीबाजारात जायचो. वांगी निवडणाऱ्या एखाद्या गृहस्थाशी ओळख निघायची. “कुठले तुम्ही?” “नगरचा.” “अरे वा! आणि इथे काय करता?” मी पाळक आहे असं सांगितलं की ते “अच्छा, अच्छा” म्हणत आणि पिशवी उचलत. कोणी वाईट बोललं नाही. पण दुसऱ्यांदा भेटल्यावर थांबलंही नाही.

मंडळीतलं एक घर मात्र मला आपलं वाटायचं. त्या घरचा कर्ता सफाई कामगार होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा, अंघोळ करून, केसांना तेल लावून, धुतलेला सदरा घालून. चटया तोच अंथरायचा. अक्षर एक येत नव्हतं, पण पन्नासएक गीतं त्याला तोंडपाठ होती. उपासना झाली की मी त्याच्या घरी जेवायचो. बायको चुलीवरून रोटी काढून थेट ताटात टाकायची आणि माझं हिंदी दुरुस्त करायची. त्यांना एकच मुलगी. सतरा वर्षांची, बोलायला तिखट. ती मॅट्रिक झाली. आमच्या सगळ्या घरांतून मॅट्रिक होणारी ती पहिलीच.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. ट्रेनिंगला जायला सरकारी शिष्यवृत्ती होती, हरिजनांच्या मुलांसाठी. बाप मला म्हणाला, “पादरी साहब, आप साथ चलिए. मला कचेरीत कोणी उभं करत नाही.”

तिथला कारकून मराठी निघाला. जुन्या दरबारी घराण्यातला, पन्नाशीचा माणूस. त्याने फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि माझ्याशी मराठीत बोलू लागला.

“पाळकसाहेब, हे नाही होऊ शकणार. यादीत जात बसते, पण धर्म हिंदू पाहिजे. हे लोक ईसाई आहेत ना?”

“धर्म बदलला,” मी म्हणालो, “पण झाडू बदलला नाही हो. तोच झाडू, तीच टोपली. गल्लीतले लोक यांना लांबून पाणी वाढतात, ते धर्म विचारून नाही वाढत.”

“तुमचं म्हणणं सही आहे. मी काय झूट नाही बोलत तुमच्यापाशी. पण कायदा दिल्लीहून आला. मी इथे बसून काय करणार?” मग आवाज खाली करून तो म्हणाला, “धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलं, तर मी पुढे पाठवतो. कोणी विचारलं नाही तर ठीक.”

बापलेक भिंतीला टेकून उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. फॉर्म कोरा घेऊन आम्ही बाहेर पडलो.

चार दिवसांनी तो भर दुपारी माझ्या घरी आला. खुर्चीवर बसला नाही. “रजिस्टर में से हमारा नाम काट दीजिए,” तो म्हणाला. “तिघांचं. मुलीला झाडू नाही द्यायचा मला.”

मला राग आला. त्याचा नव्हे, पण निघाला त्याच्यावरच. मी म्हणालो, “बाप्तिस्म्याचं नाव कापता येत नाही.” तो मान खाली घालून उभा राहिला. मग मला बोर्डिंगमधलं माझं पोट भरलेलं बालपण आठवलं. ख्रिस्ती झाल्यामुळे माझ्या घराला शाळेचं दार उघडलं होतं. याच्या मुलीला त्याच नावामुळे ते बंद होत होतं. तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की त्याग कर?

“नाव मी कापणार नाही,” मी म्हणालो, “पण फॉर्मवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाला काही सांगणार नाही.”

त्याने माझे पाय धरायला हात खाली नेले, मी ते वरच्या वर पकडले. पुढच्या रविवारी चटया अंथरलेल्या नव्हत्या.

दोन महिन्यांनी मला कचेरीचं पत्र आलं. कोणीतरी तक्रार केली होती. अमुक कुटुंब आपल्या चर्चचं सभासद आहे काय, लेखी कळवावे. ते पत्र आठवडाभर टेबलावर पडून होतं. मी खोटं लिहू शकत नव्हतो आणि खरं लिहू इच्छित नव्हतो. शेवटी लिहिलं, ‘सदर कुटुंब बऱ्याच काळापासून उपासनेस येत नाही.’ वाक्य खरं होतं. ते टपालात टाकून येताना मला मात्र चोरी केल्यासारखं वाटलं.

शिष्यवृत्ती मिळाली. मुलगी उज्जैनला ट्रेनिंगला गेली.

मी त्या घरी जाणं बंद केलं. पाळक त्यांच्या दारात दिसला आणि पुन्हा कोणी तक्रार केली तर सगळंच जायचं. सकाळी मी पोस्टात जायचो तेव्हा तो रस्ता झाडत असे. पहिल्या दिवशी त्याने मान वर केली आणि मी हात जोडण्याआधीच झटकन पाठ फिरवली. मग आम्हा दोघांना ते सवयीचं झालं. नंतर नंतर मी पलीकडच्या गल्लीने जाऊ लागलो.

त्या वर्षी शुभ शुक्रवारी, ज्याने तीनदा प्रभूची ओळख नाकारली त्या शिष्यावर मला बोलायचं होतं. नाकारल्यानंतर प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, असं शास्त्रात आहे. त्या पाहण्यात ठपका होता, असंच मी आजवर सांगत आलो होतो. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. प्रभूला त्याची फक्त काळजी वाटली असेल, थंडीत शेकोटीपाशी एकटा उभा असलेल्या माणसाची, एवढंच मी कसंबसं बोललो आणि गीत सुरू केलं. समोर सतरा माणसं होती. आणखी काही घरं तोवर त्याच वाटेने गेली होती.

मी स्वस्थ बसलो होतो असं नाही. मंडळीच्या वरिष्ठांना लिहिलं, विधानसभेच्या सदस्यांना लिहिलं. माणूस कोणाची प्रार्थना करतो यावरून त्याच्या मुलांची शाळा ठरू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. ‘आपले पत्र पोचले’ अशी दोन उत्तरं आली. त्या अर्जांची भाषा तो मराठी कारकून तपासून द्यायचा. कचेरी सुटल्यावर बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायचो, तेवढीच माझी मराठी. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे कचेऱ्याही. तो निरोप घ्यायला आला. “पाळकसाहेब, माझे आजे इथे दक्षिणेतून, तुमच्याच मुलुखातून आले, तेव्हा त्यांनाही असंच परकं वाटलं असेल,” एवढं बोलून गेला. त्यानंतर कित्येक दिवस मी पत्रांशिवाय मराठीचा एक शब्द वापरला नाही.

त्याच हिवाळ्यात मला भाजीवाल्याकडून कळलं की तो सफाई कामगार गेला. निमोनिया झाला होता. दोन दिवस होऊन गेले होते. जातवाल्यांनी त्याला स्मशानात नेऊन अग्नी दिला होता.

मी थेट त्यांच्या घरी गेलो. मुलगी घरात होती. ती आता मुरैन्याच्या सरकारी शाळेत शिक्षिका होती, रजा घेऊन आली होती. तिने मला खाट दिली आणि समोर उभी राहिली.

“आता आलात,” ती हिंदीत म्हणाली.

“तुमचं नुकसान होऊ नये म्हणून येत नव्हतो.”

“ते मला कळतं. आम्ही यायचं सोडलं ते भीतीने. आम्हाला नोकरी हवी होती. तुम्हाला कसली भीती होती? तुमचं कोण काय नेणार होतं?” तिचा आवाज चढला. “बाबूजी हर इतवार नहाकर बैठते थे. दाराकडे तोंड करून. अम्मा रोटी जास्तीची करायची. चार वर्षं.”

मी म्हणालो, “त्यांनीच रस्त्यात पाठ फिरवली होती.”

“लाज वाटायची त्यांना. तुम्ही पुढे होऊन खांद्यावर हात ठेवला असतात तर?”

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी त्यांच्यासाठी झळ सोसतोय. माझ्या एकटेपणाचा मला थोडा अभिमानही होता, हे त्या खाटेवर बसल्यावर कळलं. एकटा मी होतो, पण त्या घरालाही मी एकटं पाडलं होतं. मी तिची माफी मागितली. आत जाऊन तिने चहा ठेवला.

चहा झाल्यावर तिची आई बाहेर आली. खूप वाळली होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि जमिनीवर बसली. मी विचारलं, “प्रार्थना करू का?” तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी उठली, दार लोटून घेतलं आणि आईजवळ येऊन बसली.

“ज़ोर से मत बोलिए,” आई म्हणाली. “दीवार पतली है.”

मी हळू आवाजात प्रार्थना केली, शेजारच्या खोलीत खोकणाऱ्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मध्येच मी चुकून मराठीत गेलो होतो. दोघींपैकी कोणीही मला थांबवलं नाही.

पुढे माझी बदली होईपर्यंत मी दर बुधवारी त्या घरी जात राहिलो. चर्च सोडलेल्या दुसऱ्या घरांतही गेलो. एका घराने दारातूनच हात जोडले, मुलाची नोकरी जाईल म्हणाले, आणि मी परत फिरलो. बाकीच्यांनी आत घेतलं.