रोगाल्काची पाण्यातली वाट

गिझित्स्को गावात, न्येगोचिन तळ्याच्या काठी, इर्मगार्ड रोगालाची मासे धुरवायची भट्टी होती. गाव तिला रोगाल्का म्हणे. ती तिथेच जन्मली, गाव जर्मनांचं होतं तेव्हा. लढाई संपली, गाव पोलंडकडे आलं. गावाचं नाव बदललं, गल्ल्यांची बदलली आणि एके दिवशी कचेरीतल्या कारकुनाने तिचंही बदलायला घेतलं.

"इर्मगार्ड? हे काय नाव झालं? मी इरेना लिहितो. छान नाव आहे."

"छानच आहे. तुमच्या मुलीला ठेवा."

कारकुनाने तरी इरेनाच लिहिलं. मग काय, इरेना म्हणून हाक मारली की बाई बहिरी. पोस्टमन दारात उभा राहून घसा फोडायचा, ही आत निवांत माशांची खवलं काढत बसलेली. शेवटी तो वैतागून ओरडायचा, "अहो रोगाल्का!" की लगेच, "आले हो! कधीचे उभे आहात?"

ती माझुर, या तळ्यांच्या मुलखातल्या मूळच्या लोकांपैकी. घरात जुनी माझुरी बोली. जर्मनांच्या काळात जर्मन म्हणायचे, ही पोलिश बडबडते. आता नवे पोलिश शेजारी म्हणायचे, ही जर्मनीण. नवरा ऑटो लढाईवर गेला तो परतला नाही. आणि तिच्याच घराचा अर्धा भाग सरकारकडून तेओफिला बोरिच्कोला मिळाला. ही बाई विल्नोकडची. तिचं खेडं नव्या सरहद्दीच्या पलीकडे राहिलं, तेव्हा गाय आणि येशूच्या आईची, मारियेची, तसबीर घेऊन मालगाडीतून आलेली. दोन बायका, एक चूल. पहिल्याच आठवड्यात तेओफिलाने चुलीच्या वर तसबीर टांगली. रोगाल्का लूथरपंथी, तिला ते चालेना. तिने ती उतरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

"काढ ती. नाहीतर खाली मासे टांगीन. धुराने काळी होईल तुझी मारिया."

"होऊ दे की. आमच्या विल्नोची मारिया सावळीच आहे."

रोगाल्काने खरंच मासे टांगले. तसबीर तिथेच राहिली, मासेही राहिले. त्यानंतर भांडणं थांबली असं नाही, पण बटाट्याचं सूप एकाच भांड्यात शिजू लागलं.

पुढे माझुर लोक एकेक करून जर्मनीला निघाले. तिचा भाऊ होर्स्टही निघाला. स्टेशनवर तो तिचा हात सोडेना. "अगं, कोण उरलंय इथे आपलं?"

"मी उरलेय," ती म्हणाली, आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवून चालू लागली. रडू येतंय ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं. घरी आल्यावर तेओफिलाने एकदा तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता तिच्यापुढे कांदे चिरायला ठेवले.

अशी वर्षं गेली. उन्हाळ्यात तळं शिडांनी पांढरं व्हायचं, कालव्यावरचा पूल होड्यांना वाट द्यायला बाजूला फिरायचा आणि रोगाल्काच्या भट्टीतून अल्डरच्या लाकडाचा धूर निघायचा. रोज सकाळी ती काठाकाठाने कोळ्यांच्या धक्क्यावर जायची आणि ताजी श्येलावा टोपलीत भरून आणायची. चंदेरी, बोटाएवढी मासळी. धुरातून निघाली की सोन्यासारखी दिसायची.

मग तिच्या शेजारी दूरच्या एका कारखान्याने कामगारांसाठी सुट्टीचं घर बांधलं. त्याचा व्यवस्थापक क्लूझा. ऊन असो नसो, काळा चष्मा. त्याने आल्याआल्या तारेचं कुंपण घातलं, रस्त्यापासून थेट तळ्याच्या पाण्यात. काठाची वाट मधोमध तुटली.

रोगाल्का कुंपणापाशी उभी राहिली. "साहेब, मी धक्क्यावर जाऊ कशी?"

"रस्त्याने जा. वळसा घालून. आणि ती भट्टी बंद करा. आमच्या पाहुण्यांना धुराचा त्रास होतो."

"पाहुण्यांना, की तुम्हाला?"

"हे बघा बाई, तुमची माणसं केव्हाच गेली. तुम्हीही जा ना तुमच्या देशात."

रोगाल्काच्या ओठांचा रंग उडाला. बोलायला तोंड उघडणार तोच मागून तेओफिला आली, पिठाने भरलेल्या हातांनिशी. "ए चष्मेवाल्या! तिला जर्मनीण म्हणायचं तर मी म्हणीन. तीस वर्षं भांडून मिळवलाय मी तो मान. तू कोण रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे व्हरांड्यात न्याहारीला बसले होते. त्यांनी पाहिलं, एक म्हातारी स्कर्ट गुडघ्यांवर खोचून तळ्यात उतरतेय. वसंतातलं पाणी, हाडं गोठवणारं. कुंपणाच्या शेवटच्या खांबाला वळसा घालून ती पलीकडे निघाली, पाहुण्यांना "शुभ सकाळ" म्हणाली आणि टोपली घेऊन पुढे गेली. येताना टोपली भरलेली. तिसऱ्या दिवशी ती कालची धुरवलेली मासळीही सोबत घेऊन निघाली. वास व्हरांड्यापर्यंत पोचला. दुकानांत त्या काळात धड मांस मिळत नव्हतं. एक बाई चपला हातात घेऊन पाण्यात उतरली. "काकू, थोडी मला द्याल?"

त्या आठवड्यात गावाने असं दृश्य पाहिलं, की आजही लोक सांगताना हसतात. पायजमे वर दुमडलेले, झगे खोचलेले, पाण्यात गुडघाभर उभी असलेली रांग, आणि रांगेच्या टोकाला रोगाल्का, कागदात मासळी गुंडाळून देतेय.

क्लूझा काठावरून ओरडला, "इथे विक्रीला बंदी आहे!"

"इथे म्हणजे कुठे? तळ्यात?" रांगेतून कोणीतरी विचारलं.

क्लूझाने कुंपण आणखी आत, खोल पाण्यापर्यंत नेलं. दुसऱ्या सकाळी रोगाल्का छातीभर पाण्यात होती, टोपली डोक्यावर. पाय घसरला, ती बुडता बुडता सावरली, पण टोपली गेली. रिकामी टोपली लाटांवर दूर निघाली. ती तशीच, भिजलेली, कुंपण धरून उभी राहिली. थंडीने दात वाजत होते. तरी मागे फिरली नाही.

व्हरांड्यातून फ्लोरियन नावाचा एक जाडजूड ओतारी उठला. आयुष्यभर भट्टीपुढे भाजलेला माणूस. आत जाऊन पक्कड घेऊन आला आणि पाण्यात शिरून तारा कापायला लागला. एक एक, सावकाश.

"काय करतोयस? हे कारखान्याचं आहे!" क्लूझा धावत आला.

"कारखाना कामगारांचा म्हणता ना? मग माझंच झालं की," फ्लोरियन म्हणाला. "साहेब, वर्षभर कारखान्याच्या तारेच्या आत असतो आम्ही. सुट्टीतही तार? या काकू, या इकडून."

क्लूझाने तार जोडून घेतली. पुढच्या तुकडीच्या कामगारांनी ती कापली. पुन्हा जोडली, पुन्हा कापली. गावातला लोहार जोडायला यायचा, हसत हसत जोडायचा, इतकी सैल की हाताने निघावी. शेवटी शरद ऋतूत क्लूझाने नाद सोडला. पुढच्या उन्हाळ्यात नवा व्यवस्थापक आला, त्याने पहिल्या दिवशी भट्टीवर येऊन व्हरांड्यासाठी मासळी मागितली. रोगाल्काने त्याला रांगेत उभं केलं.

मग एकदा होर्स्ट आला, चकचकीत मोटार घेऊन. केस पांढरे, बोटात अंगठी. म्हणाला, "आता तरी चल. खोली तयार ठेवलीय. म्हातारपणी एकटी कशी राहशील?"

"एकटी?" चुलीपाशी बसलेली तेओफिला म्हणाली. "हिला एकटं राहायला मिळालं असतं तर हिने देवाचे आभार मानले असते."

होर्स्टने मोटारीतून बॅग आत आणली. आठवडाभर राहिला, लाकडं फोडून दिली, पुन्हा विचारलं नाही. जाताना रोगाल्काने मागच्या सीटवर धुरवलेल्या वामांचं गाठोडं ठेवलं. एवढा उग्र वास, की होर्स्टने सगळ्या काचा खाली केल्या. थंडीचे दिवस होते. मफलर कानांवर ओढून, काचा उघड्याच ठेवून तो पुलाकडे निघाला. रोगाल्का या वेळी पाठ न फिरवता रस्त्यात उभी राहिली, मोटार दिसेनाशी होईपर्यंत.