नव्या नाण्याला कडी

सरकारी टांकसाळीने जंगल या विषयावर काढलेला तीन नाण्यांचा स्मारक संच पोस्टाने पोचू लागला, त्या आठवड्यात चंद्रपूरच्या नाणे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सुप्रभातही टाकले नाही. सगळे चिडले होते. कुणाच्या चांदीच्या नाण्यावर दुधी ठिपके होते, कुणाच्या पेटीचे झाकण वाकडे बसत होते. बहुतेकांना तर संच मिळालाच नव्हता. विक्री सुरू होताच वेबसाइट बसली आणि पुन्हा उघडली तेव्हा माल संपला होता. वरोऱ्याच्या विक्कीचे मोबाइलचे दुकान आहे. त्याने लिहिले की, दुकानातले सगळे फोन लावून बसलो होतो, तरी हात चोळत राहिलो. मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या नाण्यावरच्या ठिपक्याचा भिंगातून काढलेला फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'हे असे आमच्या हातून निघाले असते तर भंगारात गेले असते.'

या शिव्याशापांच्या मध्येच अहेरीहून एक फोटो आला. निळी पेटी, आत मखमलीच्या तीन गोल खोबण्या, प्रत्येक खोबणीत पारदर्शक डबीत बंद केलेले एकेक नाणे. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. पाठवणाऱ्याचे नाव सुनिल वेलादी.

मग विक्कीने लिहिले, 'सुनिलभाऊ, टॉवरवर चढून बसला होता का बे?' त्यावर हसणारे चेहरे पडले. गुणवंतरावांनी हसणारा चेहरा टाकला नाही. त्यांनी फोन केला.

सुनिल वेलादी वनविभागाच्या लाकूड डेपोत काम करतो. तोडून आलेल्या सागाच्या ओंडक्यांच्या तोंडावर हातोड्याने नंबर आणि शिक्का ठोकणे हे त्याचे काम. उंची बेताची, मनगटे जाड, बोलणे कमी. राग आला की आणखी कमी. नाण्यांचा नाद त्याला शाळेत असताना लागला. मंडळात त्याला बोलावले गेले ते मात्र या नादासाठी नव्हे. अहेरीच्या आतल्या गावांतल्या माडिया बायकांच्या गळ्यात जुन्या चांदीच्या रुपयांच्या माळा असतात. त्या रुपयांना तिकडे कलदार म्हणतात. सुनिल माडिया. गावे त्याच्या ओळखीची, भाषा घरची. अडीअडचणीला एखादी बाई माळेतला रुपया काढायला तयार झाली की सुनिल तो आणायचा आणि मंडळातले लोक घ्यायचे.

माळेतल्या रुपयाला वरच्या कडेला चांदीची कडी झाळलेली असते, दोरा ओवायला. संग्राहकाच्या लेखी हे नाण्याचे व्यंग. मंडळात त्याला 'कडीचा माल' म्हणतात आणि तोंड वाकडे करूनच हातात घेतात. म्हणून सुनिल आधी अहेरीच्या बाजारात हेमराज सोनाराकडे जायचा. हेमराज कडी कापायचा, कानसायचा, घासून चकाकी आणायचा. तरी कडेला एक चट्टा राहायचाच. गुणवंतराव भिंग लावून तो शोधायचे आणि म्हणायचे, "हे पाहा. फसवतो काय बे?" पण यातली बहुतेक नाणी शेवटी गुणवंतरावांच्याच कपाटात गेली, हेही सुनिलला दिसत होते.

जानेवारीत मंडळाचे प्रदर्शन भरते. सुनिल दरवर्षी अहेरीहून एसटीने जातो, इतरांच्या पेट्या गाडीतून उतरवतो, टेबलांवर चादरी अंथरतो. त्याला स्वतःचे टेबल कधी मिळाले नव्हते. दरवर्षी मागायचा, दरवर्षी जागा भरलेली असायची. या वेळी गुणवंतराव फोनवर म्हणाले की, डाग नसलेला संच जिल्ह्यात तुझ्या एकट्याकडे दिसतो. दाराजवळचे पहिले टेबल तुझे, वर तुझ्या नावाची पाटी. मात्र डबी उघडायची नाही. बोट लागले की खेळ खलास.

सुनिलला हे शिकवायची गरज नव्हती. पेटी आल्यापासून त्याने ती कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. एकदाच बाहेर काढली, ती आईला दाखवायला.

बुधरीबाईने पेटी मांडीवर घेतली आणि चांदीच्या नाण्याकडे बराच वेळ पाहिले. नाण्यावर एका बाईचा चेहरा आहे, बाजूने दिसणारा, आणि तिच्या गळ्यात रुपयांची माळ. बुधरीबाईने विचारले, हे चांदीचे आहे का? सुनिल म्हणाला, चांदीचे आहे. तिने विचारले, सरकारने चांदीचा रुपया परत काढला? सुनिलला कामावर जायची घाई होती. तो हो म्हणाला आणि पेटी कपाटात ठेवून निघून गेला.

या एका 'हो'चा अर्थ काय होतो, हे त्याला त्याच क्षणी कळायला हवे होते. वेलादींच्या घरात लग्न निघाले की माळेत त्या काळचा एक चांदीचा रुपया वाढवतात. लग्न मुलाचे असो की मुलीचे, त्या दिवशी माळ नवरीच्या गळ्यात असते आणि लग्न आटोपले की घरी परतते. माळेत इंग्रजांच्या काळातले राणीछाप रुपये आहेत, राजाछाप आहेत. बुधरीबाईचे लग्न झाले तोवर चांदीचे रुपये बंद होऊन जमाना लोटला होता. तिच्यासाठी चालू निकेलचा रुपया ओवला गेला. इकडच्या भाषेत गिलट. त्याची कडी झाळली की निसटायची. भर लग्नात तो रुपया अंगणात पडला आणि कुणीतरी म्हणाले, नवरीही गिलटाचीच दिसते. बुधरीबाई हे विसरलेली नाही. सुनिलच्या लग्नात तिने माळेत काही वाढवू दिले नाही. गिलट पुन्हा नको, एवढेच म्हणाली. सुनिलने गावोगावच्या माळांमधून रुपये काढून नेले, पण या माळेला त्याला कधी हात लावू दिला गेला नाही.

आता नातीचे, सुनिलच्या मुलीचे, स्वातीचे लग्न महिन्यावर आले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुनिल डेपोत असताना बुधरीबाईने कपाट उघडले. चांदीच्या नाण्याची डबी उघडेना, तेव्हा विळ्याच्या पाठीने फोडली. नाणे लुगड्याच्या पदराला बांधले आणि हेमराजच्या दुकानापुढे जाऊन बसली. हेमराजने नाणे पाहिले आणि तो दचकला. सुनिलभाऊला माहीत आहे का, असे त्याने विचारलेही. तिने सांगितले की रुपया तिच्या घरचा आहे. इतकी वर्षे मुलगा कड्या कापून घ्यायला येत होता, त्याला आडवे कुणी विचारले नव्हते. मग तिलाही विचारू नये. हेमराजने टाकणखार लावला, फुंकणी तोंडाला लावली आणि कडी झाळली. आरशासारखे नाणे आगीत निस्तेज झाले. ते त्याने चिंच लावून घासले, जसे कलदार घासतात.

संध्याकाळी सुनिल घरी आला. कपाट उघडे होते आणि पेटीत दोनच नाणी होती. स्वाती म्हणाली, आजी बाजारात गेली आहे. तो सायकलवरून तसाच निघाला. बाजार उठायला आला होता. बुधरीबाई हेमराजच्या दुकानापुढे काळा दोरा निवडत होती. मांडीवर माळ होती आणि माळेच्या मधोमध, जुन्या रुपयांच्या दीडपट मोठे, नवे नाणे मांडलेले.

माय-लेक घरी माडियातच बोलतात. पण हेमराज मध्ये होता, आणि जे बोलायचे ते त्यालाही ऐकवायचे होते, म्हणून दोघेही मराठीत बोलले.

"कापून दे," सुनिल आईकडे न पाहता हेमराजला म्हणाला.

"कापतो ना भाऊ. पर चमक गेली ते गेली. अन् चट्टा राहीनच, तुले तं मालूम आहे."

"काप म्हनलं ना."

बुधरीबाईने माळ उचलून हेमराजच्या ऐरणीवर ठेवली. "काप रे. त्याले सवय आहे. माह्या बहिनीच्या माळेची कापली, तिच्या सुनेची कापली. आता माह्यी काप."

"ते इकत होत्या, माय. मी हिसकून नाई आनले."

"मी कुठी म्हनलं हिसकले म्हनून?" तिने नाण्यावर बोट ठेवले. पेटी आल्यापासून ज्यावर बोट पडू नये म्हणून सुनिल जपत आला, त्याच जागेवर. "हे बाई पाह्य. हिच्या गळ्यातल्या रुपयाले कड्या आहेत का नाई? सरकारनं कडी कोरली नाण्यावर. त्याले चालते. तुह्या चंद्रपूरच्या साहेबाले काऊन नाई चालत?"

सुनिलने वाकून पाहिले. पेटी आली त्या दिवशी नाणे त्याने बराच वेळ पाहिले होते. डाग शोधत, ओरखडे शोधत. बाईच्या गळ्यातल्या त्या बारीक रुपयांवर खरोखरच एकेक कडी कोरलेली होती. हेमराज कातर हातात धरून थांबला होता. सुनिलने ती त्याच्या हातातून घेतली आणि दुकानातल्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली. मग सायकल घेऊन डेपोकडे गेला. त्याचा राग गेला नव्हता. त्या रात्री तो घरी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गुणवंतरावांना फोन करून जे झाले ते सांगितले. त्यांचा आधी विश्वास बसला नाही, मग आवाज चढला. देशभरचे लोक या संचासाठी रडून राहिले आहेत आणि तुझी म्हातारी त्याला आगीत घालते, पेटीला कुलूप लावता येत नव्हते का, हे आणि असे बरेच. सुनिल ऐकत राहिला. चूक आपली आहे असेच त्याला वाटत होते, आणि शिव्या खायची त्याची तयारी होती. मग गुणवंतराव म्हणाले, "तुम्हा लोकांच्या हाती चांगली वस्तू टिकतच नाही."

सुनिलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब, तुमच्या कपाटातले कलदार तुमच्याकडे येवाच्या आधी कोनाच्या हाती टिकले होते?"

गुणवंतराव म्हणाले की टेबल विक्कीला देतो, त्याने नागपूरहून कुठून तरी संच मिळवला आहे. आणि फोन ठेवता ठेवता आठवण करून दिली, "राणीछाप मिळाले तर प्रदर्शनाच्या आधी आणून दे. कडी काढून."

त्या जानेवारीत सुनिल चंद्रपूरला गेला नाही. प्रदर्शन झाले. पहिल्या टेबलावर विक्कीचा संच होता, चांदीच्या नाण्यावर ठिपक्यासह. चादरी कुणी अंथरल्या, कुणास ठाऊक. लग्नात स्वातीच्या गळ्यात माळ होती आणि मधले नाणे दुरूनही दिसत होते. व्याह्यांकडच्या एका म्हातारीने ते दातांखाली धरून पाहिले आणि मान डोलावली. स्वातीचा फोटो सुनिलने ग्रुपवर टाकला. खाली एक ओळही लिहिली नाही. विक्कीने विचारले, 'ठिपका आहे का भाऊ?' गुणवंतरावांनी लिहिले, 'कडीचा माल. संग्रहात धरला जात नाही.' सुनिल ग्रुपमधून बाहेर पडला. त्यानंतर त्याने कुणासाठी राणीछाप आणलेला नाही, आणि हेमराज त्याच्यावर नाराज आहे, कारण ते काम बंद पडले.

पेटी अजून कपाटात आहे, दोन नाणी आणि एक रिकामी खोबण. फुटलेली डबी त्याने फेकलेली नाही. ती दिसली की त्याचे डोके फिरते. मध्ये एकदा त्याने आईला म्हटले की, निदान आधी एका शब्दाने विचारायचे तरी होते.

"तू नाई म्हनला असता," बुधरीबाई म्हणाली.

"हो. नाईच म्हनलो असतो."

"म्हनून नाई इचारलं."