जाळीची पूजा

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमधली प्रेस मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळेत सजली. मग मशीनवरच्या जाधवकाकांनी कपाटातून तिची लोखंडी जाळी काढली, तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि परत कपाटात ठेवली. हात आत जाऊ नये म्हणून बसवायची ही जाळी वर्षातून दोनदाच बाहेर येते, आज आणि सरकारी तपासनीस येतात तेव्हा. तेही आधी कळवून येतात, व्याह्यांसारखे!

“काका, बसवा की एकदाची!” मी वैतागून म्हटलं.

“जाळी लावली की काम रखडतं रे. आणि तपासनीससाहेबांची सही झालीय की यंदाची.”

घ्या! कायदा आहे, सही आहे, वर पूजासुद्धा आहे. मी प्रसादाला हात पुढे केला. काकांनी पेढा ठेवला, उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी.