लतिकाकाकूंचं बुटकं झाड

अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळात लतिकाकाकू टोमॅटोवाल्या म्हणून ओळखल्या जायच्या. खरं काम गांजाच्या ग्रीनहाउसमध्ये. हे मंडळात फक्त मला माहीत होतं, कारण त्यांची गाडी बंद पडली की मीच त्यांना कामावर सोडायचो. आमच्या राज्यात गांजाला परवानगी आहे, मंडळात नाही.

अकोल्याला त्यांनी पंधरा वर्षं तुरीचे वाण तयार केले होते. नवऱ्यामागे इथे आल्यावर त्या शिक्षणाला कुत्रं विचारेना. ग्रीन कार्ड आल्यावर हे एकच काम मिळालं. तिथली झाडं फुलावर आली की ताडमाड वाढायची आणि शेंडे दिव्यांना लागून करपायचे. काकूंनी कमी अंतरावर पेरं असलेली, जाड खोडाची रोपं निवडली. नर झाडं वेळेत उपटली, एकच बुटका नर परागासाठी वेगळ्या खोलीत राखला. सहा वर्षं, पिढ्यांमागून पिढ्या हेच. शेवटी कमरेएवढं, भरघोस झाड तयार झालं. मालकाने त्याला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं. मला अजून संताप येतो.

काकूंना हवी होती सिटिझनशिप. ती मिळाली की अकोल्यात एकट्या राहणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या आईला कायमचं इकडे आणता येणार होतं. इंटरव्ह्यूला जाताना गाडीत त्यांनी विचारलं, "केदार, कामाचं काय सांगू रे?"

"खरं ते सांगा, काकू. लायसन्स्ड कंपनी आहे, टॅक्स भरता. टेन्शन नका घेऊ."

वकिलाला विचारायला हवं होतं. पण ओळखीचा वकील मंडळातलाच, म्हणून काकूंनी टाळलं होतं.

अधिकाऱ्याने कामाबद्दल विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. दोन पेरांमधलं अंतर बोटांनी दाखवत काकू वीस मिनिटं बोलल्या. तो सगळं लिहून घेत होता.

मग पत्र आलं. राज्य काहीही म्हणो, देशाच्या कायद्यात हा गुन्हाच, चारित्र्य चांगलं ठरत नाही, अर्ज नामंजूर. हे काम सोडून पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल. मालकाला कोणी काही विचारलं नाही. तो इथेच जन्मलेला.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आईचा फोन स्पीकरवर होता. "टोमॅटो लागले का गं? मी आले की दाखव हं मला."

"हो, आई."

फोन ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. "तिथेही टोमॅटोच म्हणायला हवं होतं का रे?"